खटकणं आणि बाधणं : सार्वजनिक नीतिमत्तेचा हिशेब कसा मांडायचा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एक फिर्याद रद्द केली. प्रकरण उमरेडकडच्या एका रिसॉर्टचं होतं. पोलिसांनी तिथल्या बँक्वेट हॉलवर छापा घातला. आखूड कपड्यांतल्या तरुणी नाचत होत्या, काही पुरुष बघत होते, पैसे उधळत होते, असं फिर्यादीत म्हटलं होतं. गुन्हा लागला तो भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खाली, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य. आज हाच गुन्हा भारतीय न्याय संहितेत कलम २९६ मध्ये आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या कलमाची वाक्यरचना नीट पाहिली तर तिचे तीन तुकडे पडतात. जागा सार्वजनिक हवी. कृत्य अश्लील हवं. आणि त्या कृत्याने दुसऱ्या कोणाला तरी त्रास झालेला हवा. पहिले दोन तुकडे सगळ्यांच्या लक्षात असतात, तिसरा निसटतो. खंडपीठाचं म्हणणं थोडक्यात असं होतं : आखूड कपडे घालणं, उत्तेजक नाचणं, पोलिसांना अश्लील वाटतील असे हावभाव करणं, एवढ्यावरून ते कृत्य आपोआप अश्लील ठरत नाही आणि लोकांना त्याचा त्रास झाला असंही ठरत नाही. सेन्सॉरने पास केलेल्या सिनेमांत आणि उघड्यावर होणाऱ्या सौंदर्यस्पर्धांत असेच कपडे लोक पाहतात आणि कोणी तक्रार करत नाही, याचीही दखल न्यायालयाने घेतली.

हा निकाल वाचून नागपुरातल्या पुष्कळ घरांत एकच वाक्य उमटलं असेल : ‘मग समाजाच्या नीतिमत्तेचं काय?’ प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण उत्तर शोधायचं तर दोन मराठी क्रियापदं आधी वेगळी करावी लागतात : खटकणं आणि बाधणं. खटकतं ते मनाला. बाधतं ते दुसऱ्याच्या शरीराला, झोपेला, कमाईला, घराला, मानाला. सार्वजनिक नीतिमत्तेच्या नावाने होणाऱ्या बहुतेक भांडणांत खटकणारी गोष्ट बाधणारी म्हणून मांडलेली असते, आणि खरोखर बाधणारी गोष्ट ‘चालायचंच’ म्हणून सोडून दिलेली असते.

खर्ऱ्याचं उदाहरण घ्या. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून घोटलेला खर्रा तोंडात ठेवला, तर धोका पहिल्यांदा खाणाऱ्याच्या तोंडाला. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी मारली, तर धोका जिना चढणाऱ्या प्रत्येकाला, आणि झाडणाऱ्या बाईच्या हाताला. एकाच माणसाच्या एकाच सवयीचे हे दोन भाग आहेत आणि दोघांचा न्याय वेगळा. पहिल्या भागासाठी समज द्यावी, व्यसनमुक्तीची सोय करावी, विक्रीवर नियम घालावेत. सुगंधित तंबाखूच्या विक्रीवर महाराष्ट्रात बंदी आहे, ती विकणाऱ्यावर आहे. दुसऱ्या भागासाठी दंड करावा, आणि तो कोणाचंही तोंड न पाहता करावा. गंमत म्हणजे आपल्याकडे खाणाऱ्याला नावं ठेवली जातात आणि थुंकणाऱ्याला कोणी हटकत नाही.

राज्यघटना काय म्हणते

‘नीतिमत्ता’ हा शब्द आपल्या राज्यघटनेत मोजक्याच ठिकाणी, पण मोक्याच्या जागी येतो. कलम १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर ज्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात, त्यांत ‘सभ्यता किंवा नीतिमत्ता’ आहे. संघटना स्थापन करण्याच्या हक्कावर कलम १९(४) खाली असाच निर्बंध येतो. कलम २५ मधलं धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, कलम २६ मधले धार्मिक संप्रदायांचे हक्कही. व्यवसायस्वातंत्र्याच्या बाबतीत मात्र कलम १९(६) मध्ये नीतिमत्ता हा शब्दच नाही. तिथे ‘सर्वसाधारण जनतेचं हित’ आहे. एखादा धंदा बंद करायचा तर ‘आम्हाला हे पटत नाही’ एवढं पुरत नाही, जनतेचं कोणतं हित बुडतंय ते दाखवावं लागतं. पुढे डान्स बारच्या प्रकरणात हा फरक कामाला येतो.

नीतिमत्तेची व्याख्या घटनेत कुठेच नाही. त्यामुळे अर्थ लावायची जबाबदारी न्यायालयांवर आणि आपल्यावर येते. सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा अर्थ म्हणजे ‘बहुसंख्य लोकांना ज्या काळी जे पटतं ते’. धोक्याचा का, हे मराठी वाचकाला इतिहासातून कळू शकतं. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्यांनी पिऊ नये, हे तिथल्या बहुसंख्यांच्या लेखी धर्म आणि नीतीच होती. त्याच साली र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि संततिनियमनावर, लैंगिक आरोग्यावर उघड लिहायला लागले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू बॅरिस्टर आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पुढे अठरा वर्षांनी, १९५२ मध्ये, स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या विषयावर लिहिल्याबद्दल दंड झाला, तो विषय सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर रंगवला गेला.

म्हणजे बहुमताचं मत हे नीतिमत्तेचं मोजमाप धरलं तर ते दर वीस-पंचवीस वर्षांनी हलतं, आणि मधल्या काळात ज्यांना शिक्षा झाली त्यांची भरपाई कोणी करत नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत वेगळा शब्द मांडला : संवैधानिक नीतिमत्ता. ही भावना माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असं त्यांनी बजावलं. त्यांच्या भाषणात रोख राज्यकारभाराच्या पद्धतीवर होता. सर्वोच्च न्यायालयाने पुढे हा शब्द व्यक्तीच्या हक्कांपर्यंत आणला. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवताना न्यायालयाने म्हटलं की समाजाची नीतिमत्ता आणि घटनेची नीतिमत्ता यांत टक्कर झाली तर घटनेची वरचढ. त्याच महिन्यात शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाच्या प्रकरणात बहुमताने कलम २५ मधल्या ‘नीतिमत्ता’ या शब्दाचा अर्थही असाच लावला. त्या निकालातून उठलेले प्रश्न नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवले गेले. थोडक्यात, शब्दाचा अर्थ अजून दगडावर कोरलेला नाही.

दुसऱ्या बाजूचंही ऐकलं पाहिजे. १९५७ मध्ये ब्रिटनमध्ये वुल्फेंडन समितीने शिफारस केली की प्रौढांनी खाजगीत संमतीने केलेलं समलिंगी वर्तन कायद्याच्या कक्षेबाहेर असावं. न्यायाधीश पॅट्रिक डेव्हलिन यांनी त्याला विरोध केला. समाज सामाईक नीतिकल्पनांनी बांधलेला असतो, त्या सैल झाल्या तर समाजच विस्कटेल, म्हणून कायद्याने त्या राखाव्यात, असं त्यांचं म्हणणं. कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी उलट विचारलं : एखादी नीतिकल्पना बदलली म्हणजे समाज मोडला, याचा पुरावा काय? बदललेला समाज हाही समाजच असतो. आमच्या मते हार्ट यांची बाजू जड आहे, पण डेव्हलिन यांच्या म्हणण्यात एक खरा दाणा आहे. काही गोष्टी एकेकट्याच्या मालकीच्या नसतात. रस्त्यावर निर्धास्त चालता येणं, अनोळखी माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवता येणं, रांगेत आपला नंबर येईल याची खात्री, रात्रीची शांतता. ही सगळ्यांची सामाईक मिळकत आहे. एकाने थोडी थोडी ओरबाडली तरी कोणा एकाचं मोठं नुकसान दिसत नाही, आणि तरी ती संपते. सार्वजनिक नीतिमत्तेने राखायचं ते हे.

चार प्रश्न आणि एक पतंग

दोन हितं समोरासमोर आली की तोल कसा पाहायचा? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ पासून, आणि २४ ऑगस्ट २०१७ च्या खाजगीपणाच्या निकालात ठळकपणे, त्यासाठी प्रमाणबद्धतेची कसोटी वापरली आहे. नाव जड आहे, रीत सोपी. आधी निर्बंधाला कायद्याचा आधार हवा. मग विचारायचं : हेतू रास्त आहे का? योजलेल्या उपायाने तो हेतू खरोखर साधतो का? याहून कमी जाच करणारा, तेवढंच काम करणारा दुसरा उपाय आहे का? आणि शेवटी, मिळतंय त्यापेक्षा जास्त तर जात नाही ना?

नागपूरच्या संक्रांतीवर हे चार प्रश्न लावून पाहू. जानेवारीत महाल, इतवारी, सक्करदरा, जरीपटका, कुठल्याही गच्चीवर ‘ओ काट’चा गजर असतो. पतंग उडवणाऱ्याचं हित खरं आहे : आनंद, परंपरा, पोरांचा खेळ, पतंग आणि मांजा करणाऱ्यांची वर्षाची कमाई. समोर दुचाकीवरून जाणाऱ्याचा गळा आहे. सुती दोरा ताण आला की तुटतो. नायलॉनचा तुटत नाही. गाडीचा वेग आणि दोऱ्याचा ताण मिळून तो कातडीत उतरतो. झाडावर अडकला की कुजत नाही, पुढची कित्येक वर्षं पक्ष्यांच्या पंखांना गुंतत राहतो. ११ जुलै २०१७ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन आणि इतर कृत्रिम, न कुजणाऱ्या मांजावर देशभर बंदी घातली. नागपूर खंडपीठानेही हा विषय स्वतःहून हाती घेतला.

आता कसोटी. हेतू जीव वाचवण्याचा, म्हणजे रास्त. नायलॉन गेला तर गळे कापण्याचं मुख्य कारण जातं, म्हणजे उपाय हेतूला धरून आहे. तिसरा प्रश्न इथला खरा. पतंगबाजीच बंद करता आली असती, तीही ‘लोकांच्या जिवासाठी’ म्हणून खपली असती. पण सुती दोऱ्यावर खेळ शिल्लक ठेवून जीव वाचत असेल तर खेळ बंद करणं अतिरेक ठरतं. चौथा प्रश्न : उडवणाऱ्याचं काय गेलं? काटाकाटीतली थोडी सरशी. त्या पारड्यात समोर गळा आहे. हिशेब उघड आहे.

मग दर वर्षी जखमी का होतात? कारण बंदी दोऱ्यावर आहे आणि तपासणी संक्रांतीच्या आठवड्यात होते. माल तोवर चकऱ्यांवर गुंडाळून घरोघर गेलेला असतो. ठोक साठा महिनोन्महिने आधी येतो, तेव्हा कोणी फिरकत नाही. नियम बरोबर असून अंमलबजावणीची वेळ चुकली, हा सार्वजनिक नियमांचा आपल्याकडचा फार जुना रोग आहे.

हिताला वजन कसं द्यायचं, हेही इथे दिसतं. आम्ही तीन गोष्टी पाहतो. नुकसान किती खोल जातं : नाराजी, गैरसोय, आजार, की जीव. ते भरून निघतं का : हुकलेली वरात पुन्हा काढता येते, कापलेला गळा नाही. आणि पर्याय कोणाकडे आहे : ज्याला दुसरी वेळ, दुसरी जागा, दुसरी वस्तू सहज मिळते त्याने सरकावं. किती लोक एका बाजूला आहेत, हा आकडा या तिन्हींनंतर येतो. पाचशे लोकांची गंमत आणि एका माणसाचा जीव यांची बेरीज-वजाबाकी होत नाही.

डेसिबलचं गणित

सार्वजनिक नीतिमत्तेची चर्चा आपल्याकडे कपड्यांपाशी सुरू होऊन कपड्यांपाशीच संपते. आम्हाला विचाराल तर शहरातला सर्वांत मोठा नैतिक प्रश्न आवाजाचा आहे, कारण तो भिंतीतून आत येतो आणि त्याच्यासमोर डोळे मिटून घेता येत नाहीत.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत मर्यादा स्पष्ट आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. बाजारपेठेत ६५ आणि ५५. औद्योगिक भागात ७५ आणि ७०. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवती किमान १०० मीटरचा पट्टा असा जाहीर होतो. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं.

आता वरातीतला डीजे घ्या. समजा तो १० मीटरवर १०० डेसिबल देतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. २० मीटरवर ९४, ४० वर ८८, ८० वर ८२, १६० वर ७६. असं करत ५५ वर यायला जवळजवळ १८०० मीटर लागतात. शहरात इमारती काही आवाज अडवतात आणि अरुंद गल्लीत भिंतीवर आपटून तोच परत येतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा बदलतो. पण अंदाज यायला एवढं पुरे : नागपूरच्या सरकारी रुग्णालयाजवळच्या मेडिकल चौकात वाजलेला असा डीजे निवासी भागाच्या मर्यादेत यायलासुद्धा पावणेदोन किलोमीटर मागे सरकायला हवा. ‘आम्ही वॉर्डापासून लांब होतो’ या म्हणण्यात किती दम आहे ते यावरून ठरवा.

दुसरी बाजूही याच गणितात आहे. आवाज १० डेसिबलने कमी केला तर ध्वनीची ताकद एक दशांश होते, पण कानाला तो साधारण निम्माच कमी वाटतो. नाचणाऱ्याचा आनंद निम्म्यानेही जात नाही, पलंगावरच्या रुग्णाला मात्र खूप फरक पडतो. दोन सारखे डीजे शेजारी उभे केले तर १०० चे २०० होत नाहीत, १०३ होतात. म्हणून ‘एक बंद केला ना’ हे उत्तर पुरेसं नाही. पेट्यांची तोंडं आणि आवाजाची खुंटी, दोन्हीकडे पाहावं लागतं.

वरातीचं हित खोटं नाही. लग्न एकदाच होतं, वाजवणाऱ्यांचं पोट त्यावर आहे, मिरवणुकीत माणसं जोडली जातात. नियमाने ते पुसलेलं नाही : दिवसा वाजवा, मर्यादेत वाजवा, वर्षातले काही दिवस उशिरापर्यंत वाजवा. या सवलतीत वाटाघाट आहे. झोप पुढे ढकलता येत नाही, गाणं रात्री नऊलाही वाजवता येतं, एवढंच त्या वाटाघाटीचं सूत्र. आणि हा नियम देऊळ, मशीद, विहार, गुरुद्वारा, मंगल कार्यालय, राजकीय सभा, सगळ्यांना सारखा आहे. दुसऱ्यांची शांतता मोडून प्रार्थना करावी असं कोणताही धर्म सांगत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच एका चर्चच्या प्रकरणात सांगितलं. ज्याला फक्त दुसऱ्याच्या भोंग्याचा त्रास होतो, त्याला आवाज बाधत नाही, दुसरा माणूस खटकतो.

बंदीने काय होतं

२००५ मध्ये महाराष्ट्राने पोलीस कायद्यात कलम ३३अ आणि ३३ब घालून बारमधल्या नाचावर बंदी आणली. पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. तोच नाच, तेच गाणं. महाग हॉटेलात नीतिमान आणि परमिट रूममध्ये अनीतिमान. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. कारणं दोन : समानतेचा भंग आणि व्यवसायस्वातंत्र्याचा भंग. निकालात नोंद आहे की ७५ हजारांहून अधिक बायका बेकार झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळ जणींना पोटासाठी वेश्याव्यवसायात जावं लागलं. म्हणजे बायकांच्या प्रतिष्ठेसाठी आणलेल्या उपायाने त्यांची प्रतिष्ठा आणखी धोक्यात आली. कसोटीतल्या दुसऱ्या प्रश्नावरच तो कायदा पडला. नंतर २०१६ मध्ये नवा कायदा आला. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्यातली सीसीटीव्हीची आणि धार्मिक-शैक्षणिक स्थळांपासून एक किलोमीटर अंतराची अट काढली, पण रात्री साडेअकरापर्यंतची वेळ आणि नोटा उधळण्यावरची बंदी ठेवली. तोल म्हणजे सगळंच मोकळं सोडणं नव्हे, हे या निकालातून कळतं.

याहून अवघड प्रश्न नागपूरच्या मधोमध आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी इतवारीजवळची गंगाजमुना ही देहविक्रयाची वस्ती बॅरिकेड लावून बंद केली. आजूबाजूच्या रहिवाशांच्या तक्रारी जुन्या होत्या, आणि वस्तीतल्या बायका पोटापाण्याचा प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरल्या. इथे कायदा नेमका काय म्हणतो ते पुष्कळांना ठाऊक नसतं. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात प्रौढ बाईने नुसतं स्वतः हा व्यवसाय करणं हा गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, तिच्या कमाईवर जगणं, तिला आणून यात ढकलणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. कलम ७ नुसार देऊळ-मशीद, शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांच्यापासून २०० मीटरच्या आत व्यवसायाला मनाई आहे. आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की स्वेच्छेने हे काम करणाऱ्या प्रौढ बाईलाही कलम २१ खाली मानाने जगण्याचा हक्क आहे. छाप्यात तिलाच अटक करू नये, छळू नये.

हितं मोजू. अल्पवयीन मुलगी किंवा फसवून आणलेली बाई असेल तर तिथे तोल वगैरे काही नाही, सुटका हेच एक उत्तर, त्याच रात्री. त्यानंतर प्रौढ बाईची कमाई, तिच्या मुलांची शाळा, तिचं घर, तिचं आरोग्य. मग शेजारच्या घरातली मुलगी संध्याकाळी क्लासहून परतताना तिला दिला जाणारा त्रास, दारू, मारामाऱ्या. हे सगळं खरोखर बाधणारं आहे. राहिली ती ‘आमच्या मोहल्ल्याचं नाव खराब होतं’ ही तक्रार; ती खटकण्याच्या सदरात जाते आणि तिचं वजन सर्वांत कमी. घोळ असा होतो की या चार वेगळ्या गोष्टींना एकच उपाय लावला जातो : बॅरिकेड. त्याने दलाल फोनवर जातो, बाया विखुरतात, कंडोम आणि तपासणी घेऊन येणारी आरोग्य कार्यकर्ती त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, आणि अल्पवयीन मुलगी शोधणं आणखी कठीण होतं. प्रत्येक नुकसानाला त्याचा स्वतःचा उपाय लागतो : सुटकेसाठी मानवी तस्करीचा तपास, छेडछाडीसाठी गस्त, दारूसाठी उत्पादन शुल्क खातं, आणि ज्या बाईला बाहेर पडायचं आहे तिच्यासाठी बंद करण्याच्या आधी उभं केलेलं दुसरं काम. आधी काम, मग बंदी, हा क्रम उलटला की पुनर्वसन कागदावर राहतं.

मारबत आणि वाळीत टाकणं

मग न पटणाऱ्या गोष्टीबद्दल समाजाने गप्प बसावं का? अजिबात नाही. नागपूरकडे यासाठी फार सुंदर रीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असतात, आणि वर्षभर जे जे सललं ते त्यांच्या गळ्यात पाटीवर लिहिलेलं असतं : महागाई, भ्रष्टाचार, हुंडा, खड्डे. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत शहर निंदा करतं आणि पुतळा जाळतं. निंदा करायचा हक्क प्रत्येकाला आहे. न पटणाऱ्या दुकानात जाऊ नका, लिहा, बोला, पोरांना समजावा.

हद्द ओलांडली जाते ती निंदेतून शिक्षा सुरू झाली की. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं, किराणा बंद केला, मयताला खांदा नाकारला, तर ते मत राहत नाही. महाराष्ट्राने त्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो २०१७ मध्ये अमलात आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तलावाच्या काठावर बसलेल्या जोडप्याला अडवून नाव-गाव विचारणारे, व्हिडिओ काढणारे हेही याच रेषेपलीकडचे. त्यांना तो अधिकार कोणत्याच कायद्याने दिलेला नाही, आणि व्हिडिओमुळे त्या मुलीचं जे होतं ते भरून निघत नाही.

हाउसिंग सोसायटीत हाच प्रकार सौम्य रूपात चालतो. ‘बॅचलर नकोत’, ‘एकटी बाई नको’ असा ठराव होतो. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. ८ दिवस आधी कळवावं लागतं. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं बिगर-भोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सोसायटीला रात्रीचा गोंगाट थांबवण्याचा, पार्किंगची शिस्त लावण्याचा पूर्ण हक्क आहे, पण तो नियम कुटुंबवाल्यांनाही तितकाच लागू हवा.

तक्रार लिहायची वेळ आली तर वरचाच क्रम उपयोगी पडतो. अर्जात ‘अनैतिक’, ‘असंस्कृत’ असे शब्द टाळा. त्यांवर कारवाई करता येत नाही. काय घडलं, कुठे, किती वाजता, किती वेळा, कोणाला कोणतं नुकसान झालं, आणि काय केल्याने ते थांबेल, एवढंच लिहा. आवाजाची तक्रार असेल तर दिवसा मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक जास्त हवा, म्हणजे निवासी भागात ६५. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून टिकेलच असं नाही, पण पोलिसांनी येऊन मोजावं ही मागणी करायला तो पुरतो. लगेच थांबवायचं असेल तर ११२ वर फोन करा. रात्री दहानंतरचा लाउडस्पीकर असेल, आणि तो सवलतीच्या १५ दिवसांतला दिवस नसेल, तर मोजमापाचीही गरज नाही. वेळ दिसेल असं रेकॉर्डिंग जोडा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.